वस्ताद बदलत नसत्यात

शालनताई गेल्याचं मला ब्रीडनं फोनवर सांगितलं. ब्रीड म्हणजे आमच्या जुन्या गावच्या कॉलेज फुटबॉल टीमच्या सपोर्टर्स क्लबची अध्यक्ष. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "शी वॉज अ लव्हली वूमन, मृणाल." मी फोन ठेवला आणि रडू यायच्या आधी मला राग आला. लव्हली? शालनताई पोवार? "हितं कुणाला लव्हली म्हणाले की समज, आता त्येचा काटा निघणार," असं मला पहिल्याच आठवड्यात बजावणारी बाई ती! शालनताई लव्हली नव्हत्या. भांडखोर होत्या. हट्टी तर इतक्या, की डॉक्टरांनी गुडघ्याचं सांगितलं तर गुडघ्यालाच दम भरायच्या. आणि एकदा त्यांनी ज्या माणसाला वाचवायचं त्यालाच घालवायची वेळ आणली, आणि ते निस्तरायला स्वतःचा एकुलता एक मुलगा पणाला लावला. अशा बाईला लव्हली म्हणून वाटेला लावायचं, हे मला तरी जमणार नाही.

आयर्लंडच्या वायव्य टोकाला, लेटरकेनीच्या अलीकडे वीस मिनिटांवर आमचं गाव. गाव म्हणजे एक पेट्रोल पंप, एक चर्च, दोन पब आणि एक छोटंसं शेतकी कॉलेज. मला आणि अमितला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, नोकरी मिळाली लेटरकेनीतल्या कारखान्यात, हृदयात घालायच्या नळ्या बनवतात तिथे. पण घर मिळालं या गावात, कॉलेजच्या मैदानाच्या अगदी मागे. कामावर रुजू व्हायला चार दिवस होते. गाडी नव्हती, आणि तिकडे गाडी नाही म्हणजे माणूस खुंटीला बांधलेला. बुधवारी दुपारी कंटाळून मैदानाकडे चालत गेले. पाऊस आडवा लागत होता. तीस मुलं चिखलात लोळत होती, बॉल हातात घेऊन पळत होती, आणि तेवढ्यात कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी उभ्या असलेल्या पिवळ्या रेनकोटातून आवाज आला, "आरं सोड की त्यो बॉल! लगीन लावतोस काय त्येच्याशी?"

मी कोथरूडची. आमच्याकडे देवळात आरतीलासुद्धा एवढा आवाज लावत नाहीत. मी जवळ जाऊन अगदी नम्रपणे विचारलं, "तुम्ही मराठी आहात का हो?"

"मग काय आयरिश दिसालोय?" मैदानावरची नजर न हलवता त्या म्हणाल्या. "गप हुबी रा. फ्री किक हाय."

मी गप्प उभी राहिले. फ्री किक गेली आकाशात. मग त्यांनी रेनकोटाच्या खिशातून एक पुडी काढून माझ्या हातात ठेवली. भडंग. "घे. लसूण जास्त झालाय. कुठली?"

"पुण्याची."

"असूं दे," त्या म्हणाल्या. माझं सांत्वन केल्यासारखं.

कोल्हापूरच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात हे मी ऐकून होते, पण आयर्लंडमध्ये, गुडघाभर चिखलात, साठीकडे झुकलेल्या बाईच्या तोंडून ते ऐकताना आधी गंमत वाटली आणि महिन्याभरात एवढं गोड वाटायला लागलं, की अमितशी बोलताना माझ्याच तोंडात बसलं. तो वैतागायचा.

त्यांचे वडील कोल्हापुरात एका पेठेच्या टीमचे गोलकीपर. डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी. पेठेची मॅच म्हणजे तिथं घरात चूल पेटत नाही. पण पोरींनी मॅचला जायची पद्धत नव्हती, म्हणून शालनताई भावाचा शर्ट घालून, केस टोपीत कोंबून जायच्या. एकदा वडिलांनी गोलमधून ओळखलं. घरी आल्यावर काय झालं, मी विचारलं. "काय व्हायचंय? म्हणाले, उद्यापासनं माझ्या गोलमागं हुबी राहा, हितनं दिसत न्हाई तुला." पुढे नर्सिंग, मग लेटरकेनीच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरमध्ये नोकरी, नवरा लवकर गेला, मुलगा संग्राम त्यांनी एकटीनं वाढवला. चरित्र एवढं पुरे. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी एवढंही सांगितलं नसतं, सरळ त्या वर्षीच्या टीमची नावं सांगितली असती.

आयरिश फुटबॉल पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणे हसून त्यांचं पोट दुखलं होतं. "हातानं उचलत्यात न फुटबॉल म्हणत्यात! पण घराम्होरं मैदान, न मॅच बघायची न्हाई? बानं तंगडं तोडलं असतं माझं." त्या दिवसापासून कॉलेजची एकही मॅच चुकली नाही. बुधवार मोकळा मिळावा म्हणून दुसऱ्यांच्या नाताळातल्या ड्यूट्या अंगावर घ्यायच्या. चार पायऱ्यांचं एक स्टँड होतं मैदानाला, तिथं कधी बसल्या नाहीत. "बसून मॅच बघत्यात ते परीक्षक. मी काय परीक्षक न्हाई. मी ह्यांची हाय." भडंग सगळ्यांना सक्तीचं. गावचे म्हातारे दातांच्या भीतीनं एकेक दाणा चोखत उभे राहायचे, पण नको म्हणायची कुणाची छाती नव्हती.

आणि या सगळ्याच्या मध्यभागी होता कॉलम.

कॉलम टीमचा कोच. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मुलांना ट्रॅक्टर दुरुस्त करायला शिकवायचा आणि संध्याकाळी फुटबॉल. चोवीस वर्षं. उंच, वाकलेला, नखांत कायम ऑइल. बोलणं इतकं कमी, की ट्रेनिंगमध्ये त्याचा एकच शब्द ऐकू यायचा, "अगेन." मुलानं बॉल चुकवला, "अगेन." बरोबर मारला, तरी "अगेन." शालनताई त्याला वस्ताद म्हणायच्या, आणि हळूहळू गावातले चारदोन आयरिश म्हातारेही 'वॉस्टाड' म्हणायला लागले होते. मॅच संपली की त्या थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्याच्यापुढे धरायच्या. तो प्यायचा. "हम्," म्हणायचा. त्या "हम्" म्हणायच्या. झालं. मैदानावर माझ्यासमोर सात वर्षांत त्या दोघांचं याहून लांब संभाषण झालेलं नाही.

एकदा मात्र माझ्या माघारी झालं होतं, आणि सगळं रामायण त्यातूनच निघालं.

संग्राम त्याच कॉलेजात शिकत होता आणि टीमचा हुकमी खेळाडू होता. उंच, देखणा, बोलणं पक्कं तिथलं, डोनेगल जिल्ह्याचं. आई मराठीत विचारायची, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा, आणि रागावला की मात्र अस्सल कोल्हापुरी. आम्ही आल्याच्या दुसऱ्या वर्षी टीम कधी नव्हे ती फायनलकडे निघाली होती. सेमीफायनलच्या आधीच्या आठवड्यात संग्रामनं दोनदा ट्रेनिंग बुडवलं, गुडघा दुखतोय म्हणून. दुखतोय कसला डोंबलाचा! डब्लिनला मित्रांबरोबर कसलातरी गाण्याचा कार्यक्रम ऐकायला गेला होता. कॉलमला कळलं. त्यानं एक शब्द न बोलता सेमीफायनलला त्याला बाकावर बसवलं. टीम कशीबशी जिंकली. फायनललाही संग्राम बाकावरच. या वेळी टीम हरली. एका पॉइंटनं. तिकडे एका गोलचे तीन पॉइंट, म्हणजे धड अर्ध्या गोलनंही नाही.

गाव काय म्हणालं असेल सांगायला नको. संग्राम असता तर! पेट्रोल पंपावर, न्हाव्याकडे, चर्चच्या दारात, एकच. पोरगा चार दिवस खोलीबाहेर आला नाही. तेव्हापासून कॉलमच्या नावावर ती फायनल लागली ती लागलीच.

खरं काय ते मला शालनताईंनी सांगितलं, राउंडअबाउटवर. गाडी मला त्यांनीच शिकवली. शिकवली म्हणजे शेजारी बसून "घाल की, घाल! काय पत्रिका बघालाईस काय समोरच्याची?" असं ओरडून. लेटरकेनीच्या मोठ्या राउंडअबाउटवर मी घाबरून गोल गोल फिरत होते, बाहेर पडायला जमत नव्हतं, आणि दुसऱ्या फेरीला त्या अचानक म्हणाल्या, "फायनलला संग्रामला वस्तादानं बसवलं न्हाई. मी बसवाय लावलं."

मी तिसरी फेरी मारली.

"वस्ताद म्हणाला, झाली शिक्षा, फायनलला घेतो पोराला. मी म्हटलं, न्हाई. खोटं बोलला ना? एका मॅचमधी उतरत न्हाई ते. फायनलला पण बसवा. त्यो माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, आर यू शुअर? मी म्हटलं, शुअर. त्यो म्हणाला, ओके, ग्रँड."

"आणि संग्रामला सांगितलंत?"

"न्हाई."

"का?"

"बाप न्हाई त्येला," त्या म्हणाल्या. "आईवर बी राग धरला तर पोरगं जाईल कुठं? वस्तादावर धरू दे. वस्तादाला सवय असती." मग लगेच, "आता तरी बाहेर पड बाई, पेट्रोल संपंल!"

कॉलमनं पाच वर्षं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. लोक त्याच्या तोंडावर 'बॅड लक' म्हणायचे आणि तो मान हलवायचा.

मग टीमचे दिवस फिरले. एक वर्ष पडतं गेलं, दुसरं गेलं, तिसऱ्या वर्षी तर एक मॅच जिंकली नाही. आणि वाद पेटला, कॉलम राहावा का जावा. आयरिश माणसाचा वाद म्हणजे कोणी आवाज चढवत नाही. "लव्हली मॅन, कॉलम. बट..." आणि त्या 'बट'नंतर जे काही यायचं त्यात माणूस सोलून निघायचा. आमची मराठी मंडळी त्यात मागे कशी राहतील? आसपासची आम्ही पाच-सहा घरं, शालनताईंच्या नादानं सगळेच मॅचला जाणारे. व्हॉट्सॅपवर उंटावरून शेळ्या हाकणं सुरू झालं. अमितनं तर एक्सेल शीट केली, कॉलमच्या शेवटच्या तीन वर्षांची, लाल-हिरव्या रंगांची. ती त्यानं मोठ्या कौतुकानं शालनताईंना दाखवली. त्यांनी चष्मा लावून सगळी पाहिली. "छान हाय," म्हणाल्या. "आता ह्यात दाखव बरं, वस्तादानं किती पोरांची सिगारेट सोडवली?" अमित म्हणाला, "ताई, तो डेटा नाहीये." "मग रांगोळी म्हणून ठेव."

खरं सांगायचं तर मीसुद्धा मनातून कॉलमच्या विरोधात होते. चोवीस वर्षं पुरे झाली, असं माझंही मत होतं. एकदा धीर करून त्यांना म्हटलं. त्या भडकल्या नाहीत, त्याहून वाईट, त्यांना माझी कीव आली. "मृणाल, तालमीत वस्ताद बदलत नसत्यात. चेले बदलत्यात. चेला पडला की वस्तादाला हाकलायचं, हे कुठलं शास्त्र? मग पडल्यावर उठायचं कसं, ते शिकवायचं कुणी?"

सपोर्टर्स क्लबवाले टीमचे शर्ट धुवायचे, मिनीबस चालवायचे, सँडविच करायचे. त्यामुळे कॉलेजनं सांगून टाकलं की क्लबची सभा जे ठरवेल ते आम्ही मानू. सभा एप्रिलमध्ये. कॉलमच्या विरुद्ध बाजूचा पुढारी कोण? संग्राम. एव्हाना तो लेटरकेनीत ट्रॅक्टर विकत होता, आणि विकायचाही असा, की शेतकरी स्पेअर पार्टला यायचा आणि ट्रॅक्टर घेऊन जायचा. सह्यांचा कागद घेऊन तो दारोदार फिरला. आईच्याही दारी आला. शालनताईंनी त्याला जेवायला वाढलं आणि कागदावर आमटीचं पातेलं ठेवलं.

पण नुसतं पातेलं ठेवून भागणार नव्हतं. आणि इथे शालनताईंनी ती चूक केली, जी आपणच करू शकतो.

त्या म्हणाल्या, "वस्तादाचा सत्कार करू या. जाहीर. फेटा बांधून. लोकांना दिसू दे मान काय असतोय." आम्हा सगळ्यांना कल्पना एकदम पटली. अहो, आपल्याकडे सत्काराला काय लागतं? कोणी दहावी पास झाला, सत्कार. कोणाची बदली रद्द झाली, सत्कार. ज्याला टिकवायचं त्याचा तर आधी सत्कार! शाल आली, कोल्हापूरहून फेट्याचं कापड आलं. नारळ तेवढा शालनताईंनी वगळायला लावला. "नारळ नको. उगं कोण भलता अर्थ काढायचा." इतका पुढचा विचार केला बाईनं!

सीझनची शेवटची मॅच झाली, हरलोच, आणि नंतर क्लबच्या खोलीत आम्ही कॉलमला खुर्चीवर बसवलं. शालनताईंनी स्वतःच्या हातानं फेटा बांधला. खांद्यावर शाल घातली. कॉलम खांबासारखा ताठ, कान लाल. आम्ही मराठी मंडळी टाळ्या वाजवतोय, आणि बघतो तर काय, आयरिश मंडळी एकदम गप्प. मग तेही उठून टाळ्या वाजवायला लागले, पण हळू, आणि दोघी बायकांनी रुमाल काढले. एक म्हातारा कॉलमचा हात हातात घेऊन म्हणाला, "वेल अर्न्ड, कॉलम. एन्जॉय द रेस्ट." मला तेव्हाच काहीतरी खटकलं. ब्रीड माझ्या कानाशी लागली, "किती सुंदर केलंत हो तुम्ही लोकांनी. हे त्याला सांगणं कुणालाच जमत नव्हतं."

"काय सांगणं?" मी विचारलं.

तर तिकडची रीत अशी, की माणसाला चारचौघांत उभं करून काही द्यायचं ते फक्त जाताना. निरोपाला. कामावर असलेल्या माणसाचा कोणी सत्कार करत नाही, त्याला चारचौघांत अवघडल्यासारखं होतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, कॉलम रिटायर होतोय, इंडियन लोकांनी निरोपसमारंभ केला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती! आणि कॉलमनं काय समजावं? त्याचा समज झाला, की शेवटची एक बाई आपल्या बाजूनं उभी होती, तिनंही आता जा म्हटलं.

शालनताई धावत त्याच्या घरी गेल्या. बरोबर मी. दारात उभं राहून त्यांनी सगळं समजावलं, आमच्यात सत्कार म्हणजे काय, शाल म्हणजे काय. कॉलमनं शांतपणे ऐकलं. "यू आर व्हेरी गुड, शालन," म्हणाला आणि हळूच दार लावलं. त्याचा विश्वासच बसला नाही. त्याला वाटलं, ही बाई त्याचं मन राखायला बोलतेय. परत येताना शालनताई गाडीत रडल्या. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहत होते. "माझ्याच हातानं बांधला गं फेटा," एवढंच म्हणत होत्या.

सभेला चर्चचा हॉल गच्च भरला होता. कॉलम नव्हता. ब्रीडनं त्याची चिठ्ठी वाचली. तीन ओळी. इशारा पोचला, चोवीस वर्षं मजा आली, मैदानाची किल्ली वर्कशॉपमध्ये खिळ्याला टांगली आहे. लोक हळहळले. ब्रीड म्हणाली, "लव्हली मॅन."

"थांब," म्हणत शालनताई उठल्या. पुढे त्या इंग्रजीत बोलल्या, पण मी मराठीत सांगते, कारण ते मुळात मराठीच होतं.

"इशाराबिशारा कुणी दिलेला न्हाई. चूक माझी हाय. आमच्यात माणसाला शाल देत्यात ती राहा म्हणून. तुमच्यात देत्यात जा म्हणून, हे मला वीस वर्षं राहून कळलं न्हाई, कारण एवढ्या वर्षांत मला कुणी शाल दिली न्हाई." थोडे हसले. त्या हसल्या नाहीत. "पण मी विचारतो, आवडत असलेल्या माणसाला तुम्ही तो जाईस्तोवर सांगत का न्हाई? मेल्यावर सांगणार?"

संग्राम उठला. तो चांगला बोलला, खोटं कशाला सांगू. चोवीस वर्षं झाली. मुलं ट्रेनिंगला येत नाहीत. 'अगेन' ऐकायला आता कोणी थांबत नाही. आणि मग त्याचा आवाज बदलला. "अँड ही कॉस्ट अस अ फायनल. बाय अ पॉइंट. मला दोनदा बसवलं त्यानं. एकदा ठीक होतं, आय डिझर्व्ह्ड इट. फायनलला का? त्यानं आजपर्यंत कारण सांगितलेलं नाही." सगळ्या हॉलनं मान हलवली. तिथंच सगळं संपलं होतं.

मी शालनताईंच्या शेजारी होते. त्यांना मुलगा हवा होता आणि वस्ताद टिकवायचा होता, आणि आता दोन्ही मिळणार नव्हतं. त्या परत उठल्या.

"त्यो कारण सांगणार न्हाई," त्या म्हणाल्या. "त्येला मी शपथ घाटली होती. फायनलला तुला घेणार होता कॉलम. मी जाऊन सांगितलं, बसवा. खोटं बोलल्याबद्दल. पाच वर्षं ह्या गावानं त्येला बोल लावला, न त्येनं एकदा, एकदा सुद्धा माझं नाव घेतलं न्हाई. आता हाकला त्येला. पण कशापायी हाकलताय ते कळून हाकला."

संग्राम आईकडे बघत उभा राहिला. त्याचा चेहरा मी सांगू शकत नाही, सांगायचाही नाही. मग तो हळू आवाजात म्हणाला, "यू बेंच्ड मी फॉर अ लाय, मम्मी. अँड यू लाईड फाइव्ह इयर्स."

"व्हय," शालनताई म्हणाल्या.

"मग?"

"मग मला बी बसव."

तो निघून गेला. दार आपटलं नाही, नीट लावलं, तेच जास्त लागलं. कॉलम राहावा असं ज्यांना वाटतं त्यांना ब्रीडनं हात वर करायला सांगितले. आधी त्या म्हाताऱ्यांचे गेले, मग रुमालवाल्या बायकांचे, मग एकेक करत अर्ध्याहून बरेच जास्त. अमितचा गेला, एक्सेलसकट. माझाही गेला, पण तो कॉलमसाठी होता असं मी म्हणणार नाही. ब्रीडनं तिथूनच कॉलमला फोन लावला. पलीकडून कॉलम म्हणाला, "राइट. गोलपोस्ट रंगवायला हवेत मग."

टाळ्या झाल्या, लोक शालनताईंभोवती जमले. त्या कोट घालून दाराकडे बघत होत्या.

महिन्याभरात संग्रामनं दूर, पोर्टलीशला नोकरी घेतली, ट्रॅक्टरचीच. जाताना आईला भेटला नाही. फोन उचलत नव्हता. मेसेजला उत्तर नाही. शालनताई दर रविवारी फोन लावायच्या, दहा वेळा वाजू द्यायच्या, ठेवायच्या. मी एकदा म्हटलं, "ताई, सॉरी म्हणून एक मेसेज करा ना." त्या उसळल्या. "कशाचं सॉरी? बसवलं त्येचं? अजिबात न्हाई. परत बसवीन. लपवून ठेवलं त्येचं म्हणून झालंय, तीन वेळा लिवलंय. आता मी बाकावर हाय. कधी उठवायचं ते त्यो ठरवणार. मी त्येला एक मॅच दिलती, त्यो मला किती देतोय बघू."

"पण तुम्हाला त्रास होतोय."

"व्हणारच की! बाकावर बसून काय मजा येती काय कुणाला?"

मे गेला, जून गेला. कॉलमनं गोलपोस्ट रंगवले, एका बाजूचा खांब शालनताईंनी रंगवला. दोघं दिवसभर शेजारी शेजारी, हम् आणि हम्. त्या बारीक झाल्या. भडंग करायचं सोडलं नाही, पण तिखटाचा अंदाज चुकायला लागला. एकदा मी त्यांच्याकडे गेले तर फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात उभ्या होत्या, पलीकडे नुसती रिंग वाजत होती, आणि दुसऱ्या हातानं पोळी परतत होत्या. मला बघून म्हणाल्या, "वाजतोय तरी. बंद न्हाई केलेला त्येनं." मला त्या मुलाचा इतका संताप आला, की तिथल्या तिथे फोन करून झापावं असं वाटलं. शालनताईंनी मला शपथ घातली. "त्येची शिक्षा हाय. तू मधी पडू नको. मी पडू दिलं होतं का कुणाला?"

ऑक्टोबरमध्ये आमचं ठरलं. अमितला डब्लिनजवळ, ब्लँचर्डस्टाउनला नोकरी मिळाली. खोकी भरणं चालू होतं आणि शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारी सीझनची पहिली मॅच होती. मी खोकी टाकून गेले. शालनताई कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी, पिवळ्या रेनकोटात. नवीन पोरं, जुना चिखल. अर्ध्या वेळेपर्यंतच आम्ही नऊ पॉइंटनी मागे होतो. स्टँडमध्ये परत ते 'बट' सुरू झालं होतं. शालनताईंनी मागे वळून स्टँडकडे अशी एक नजर टाकली, की दोन मिनिटं पायऱ्या गप्प झाल्या.

दुसरा हाफ चालू झाला आणि मैदानाच्या पलीकडच्या बाजूला एक उंच माणूस येऊन उभा राहिला. डोक्यावर हूड. मी आधी ओळखलं नाही. शालनताईंनी ओळखलं असणार, कारण त्या ओरडायच्या एकदम थांबल्या. हात केला नाही, हाक मारली नाही. नुसत्या बघत राहिल्या, बॉलकडे नव्हे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आमचा सहा नंबरचा पोरगा पार दमला होता, दर वेळी मागे पडत होता, त्याच्या बाजूनं आणखी एक गोल खाल्ला. कॉलम हाताची घडी घालून उभा. आणि पलीकडून, अख्खं मैदान ओलांडून, आवाज आला. इंग्रजीत नाही.

"मम्मी! त्येला सांग की! सहा नंबरला बसव म्हणावं! तुझं ऐकतोय त्यो!"

शालनताईंनी माझा हात धरला. एवढा घट्ट, की माझी अंगठी बोटात रुतली. डोळ्यांतलं पाणी पावसात मिसळून गालांवरून चाललं होतं. "बोलला गं," त्या म्हणाल्या. "बोलला." आणि पुढच्या क्षणी माझा हात सोडून, दोन्ही हातांचा कर्णा करून, मी त्यांच्या तोंडून ऐकलेल्या सगळ्यांत मोठ्या आवाजात ओरडल्या, "आरं जा! वस्तादाला शिकवतोस काय? सहा नंबर बसणार न्हाई!"

"बसव म्हणतोय ना!"

"न्हाई बसवत! तुझ्यापेक्षा बरा हाय त्यो!"

लोक मॅच सोडून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होते. कुणाला एक अक्षर कळत नव्हतं. कॉलमला तेवढं काहीतरी कळलं असावं, कारण मी त्याला पहिल्यांदा आणि शेवटचं हसताना पाहिलं. घरी ट्रकवाला येऊन थांबला होता, अमितचे तीन फोन येऊन गेले होते. मी मैदानातून निघाले तेव्हा मायलेक अजून भांडत होते.